एका गल्लीला हजार किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. जुनी आहे, करकरते, आणि सध्या चांगलीच वैतागलेली आहे. त्यामुळे माझी कहाणी गोडगोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका माणसाने नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, एका बाईने माझ्या पाठीचे रेक्झिन शिवले. दोघांनी मला अंगणात एकदा ढकलून पाहिले आणि "सरळ जातेय" म्हणून ट्रकवर चढवले. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि बराच काळ शेवटचीही.

पुढची सहा वर्षे मी भाड्याने राबले. औषधांच्या दुकानाबाहेर मला साखळीने बांधून ठेवत. कोणाचा पाय मोडला, कोणाचे ऑपरेशन झाले की मला घेऊन जात. परत आले की दुकानदार चष्मा लावून माझे ओरखडे मोजायचा आणि गिऱ्हाइकाच्या अनामत रकमेतून पैसे कापायचा. भाड्याच्या वस्तूचे जिणे काय असते ते मला विचारा. वापरतात सगळे, तेल कोणी घालत नाही.

मग एका आजींनी मला घरी नेले, ते कायमचे. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. या आजी म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षे त्यांनी दूरदूरच्या लोकांचे फोन जोडून दिले. त्यांचा मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो. कामात त्याला अर्ध्या मिलिमीटरची चूक खपत नाही, पण भाव करायची वेळ आली की हा माणूस लोण्याहून मऊ.

घरात माझी अवस्था फार काही बरी नव्हती. आजी पलंगावर असल्या की माझ्यावर टॉवेल वाळत घालत. बाहेर तर आम्ही जातच नव्हतो. टॅक्सीवाले मला पाहिले की मान हलवत. कसेबसे महिन्यातून दोनदा हॉस्पिटल, बास. अशी अडीच वर्षे गेली आणि एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, आपण स्वतःची गाडी बघू."

आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिल्या शोरूममधली गाडी इतकी बुटकी होती की आजी बसल्या खऱ्या, पण त्यांना बाहेर काढायला तीन माणसे लागली. दुसरी इतकी उंच, की माळ्यावर चढावे तसे चढावे लागत होते. तिसरीची सीट बरी होती, पण डिकीत मी मावेना. तिथल्या माणसाने मला आडवी घातली, उभी घातली, माझी पायटेकणी काढली आणि शेवटी गुडघ्याने दाबून झाकण लावायला निघाला. माणसाने किती सोसावे? आणि मी तर माणूसही नाही.

चौथी गाडी मात्र बेतून शिवल्यासारखी निघाली. दार ऐसपैस, सीट बटण दाबले की वर-खाली होणारी, डिकीत मऊ गालिचा. मी आत सपाट आडवी झाले आणि वर वीतभर जागा उरली. पण ती होती श्रीमंतांची गाडी! विकत घ्यायची तर आधी घर विकावे लागले असते. मुलाने त्यावर उपाय शोधून आणला होता. शोरूमची एक गाडी असते, वर्षभर गिऱ्हाइकांनी चालवून पाहिलेली. ती तीन वर्षांच्या भाडेकराराने स्वस्तात मिळते. महिन्याला तीस हजारांपर्यंत झेपेल, असा हिशेब त्याने घरून करून आणला होता.

मित्रांनो, घासाघिशीचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. वस्तू कितीही आवडो, तोंड वाकडे करायचे, आणि भाव जमला नाही तर उठून चालू लागायचे. आमच्या चिरंजीवांनी काय करावे? शोरूममधला टायवाला पुढे येताच हे म्हणाले, "चार शोरूम फिरलो हो. आईला फक्त हीच बसते. दुसरी चालतच नाही!"

मी डिकीत कपाळ बडवून घेतले असते, पण मला कपाळ नाही.

टायवाल्याने गोड हसून बेचाळीस हजार सांगितले. मुलाचा चेहरा पडला. तेव्हा टायवाला म्हणाला, "सर, गाडी चालणार किती ते सांगा. जेवढे किलोमीटर कमी, तेवढं भाडं कमी."

"चालणार कुठे? हॉस्पिटल. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. महिन्यातून दोनदा."

"मग वर्षाला पाच हजार घ्या. खूप झाले. तीस हजारांत बसवतो. वरच्या प्रत्येक किलोमीटरला तेवढे जादा पैसे."

मुलगा हरखला. गड जिंकल्यासारखा पेन शोधू लागला. आजी गाडीतच बसून होत्या, कारण चढ-उतार करणे त्यांना सोपे नव्हते. इतका वेळ कोणी त्यांच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. सीट कितपत वर हवी, हेसुद्धा टायवाल्याने मुलाला विचारले होते.

"माझ्या ताईचं घर किती लांब आहे रे?" आजींनी विचारले.

"मावशीचं? एकशे साठ किलोमीटर. पण आई, आपण तिकडे कुठे जातो?"

"जात नाही. म्हणून तर गाडी घ्यायची ना?" आजी म्हणाल्या. "ताईला फोनवर आता ऐकू येत नाही. मी इकडून ओरडते आणि ती तिकडून 'कोण बोलतंय' विचारत बसते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. मला दर पंधरा दिवसांनी जायचंय."

अर्धा मिलिमीटर पकडणाऱ्या माणसाच्या नजरेतून एवढी मोठी गोष्ट निसटली होती. मुलाने बोटांवर हिशेब केला. वर्षाला नऊ हजार किलोमीटर तरी हवे होते. टायवाल्याने लगेच भाडे पुन्हा वर, चाळीस हजारांवर नेले.

"चल," आजी म्हणाल्या. "उठून चालू लागायची सोय नाही, पण चल."

रागाने निघून जाणे आम्हाला चांगले अकरा मिनिटांचे पडले. आधी डिकीचे झाकण संथपणे, टुंटुं करत वर गेले. मग मला काढले, उघडले, पायटेकणी बसवली. ती उलटी बसली, पुन्हा काढली. मग आजींना उतरवले. शोरूममधली सगळी माणसे बघत होती. रागाचा सगळा रुबाब गेला.

बाहेर पहिला टॅक्सीवाला म्हणाला, "खुर्ची नाही घेत." दुसरा तेवढेही न बोलता निघून गेला. काचेआडून टायवाला पाहत होता. आता हे मुकाट्याने परत येणार, याची त्याला खात्री वाटली असावी. मुलगाही म्हणाला, "आई, जाऊया का आत?"

"ढकल," आजी म्हणाल्या. "घरापर्यंत ढकल."

घर चार किलोमीटरवर होते आणि फूटपाथ म्हणजे नुसत्या खाचा. माझी हाडे खिळखिळी झाली, पण खरे सांगते, मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच शेजारून तीच गाडी आली, आमच्या चालीने रांगत. काच खाली करून टायवाला ओरडला, "सर! सहा हजार किलोमीटर, तीसमध्येच!"

आजी समोर बघत राहिल्या. मुलगा ढकलत राहिला. दुसऱ्या गल्लीशी टायवाला म्हणाला, "सर, सात!" तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर त्याच्या साहेबाचा आवाज खणखणला आणि साऱ्या रस्त्याने ऐकला. "आज एकतीस तारीख आहे! महिन्याच्या कोट्यात तुझी एक गाडी कमी पडतेय. त्या लोकांना सोडू नकोस!"

आजींनी तीस वर्षे फोनवर काढली होती. त्यांच्या तोंडावरची रेषाही हलली नाही.

तिसऱ्या गल्लीशी टायवाला म्हणाला, "सर, आठ, पण आता—"

"सर कोण?" आजींनी मान वळवली. "गाडीत बसणार मी. माझ्याशी बोल ना बाबा."

तो वरमला. गाडी बाजूला लावून उतरला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "सांगा आजी. कुठे जायचंय तुम्हाला?"

आजींनी सांगितले. ताईंच्या कानांचेही सांगितले. त्याने कराराचा कागद काढून त्यावरचा आकडा खोडला. "नऊ हजार. पण बत्तीसच्या खाली गेलो तर साहेब मला नोकरीवर ठेवणार नाहीत."

"दोन हजार मी बघतो. दोन कवळ्या जास्त करीन," मुलगा म्हणाला. या खेपेस त्याची घाई मला मुळीच खटकली नाही.

"आणि डिकीतले ओरखडे मोजायचे नाहीत," आजी म्हणाल्या. "ही खुर्ची आहे, कापसाची उशी नव्हे. लिहून दे." भर रस्त्यात, माझ्या हातावर कागद ठेवून सह्या झाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. ताईंच्या घराला पाच पायऱ्या. मुलगा मला काढायला मागे आला, तोवर ताईच काठी टेकत खाली उतरल्या होत्या. त्या सरळ ड्रायव्हरच्या सीटवर, स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या आणि त्यांनी आजींचा हात धरला. दोन तास दोघी तशाच बसून होत्या. आजी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या, आणि ताईंना सगळे ऐकू येत होते. मला कोणी डिकीतून बाहेर काढलेच नाही. एरवी मी केवढी चिडले असते! त्या दिवशी मात्र मला फार बरे वाटले.

तर मित्रांनो, महिन्यातून एकदा माझ्या चाकांना तेल घाला. माझ्यावर टॉवेल वाळत घालू नका. आणि माझ्यात कोणी बसलेले दिसले, तर त्यांच्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलू नका. समोर या, खाली बसा, त्यांनाच विचारा. आपल्याला कुठे जायचे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. आमच्या आजींना ते अडीच वर्षे ठाऊक होते. विचारले मात्र कोणी नव्हते.