पुढे शीर्षक नाही

मी इन्सर्टची कळ बोलतेय. कीबोर्डवर वर उजवीकडे, बॅकस्पेसला खेटून माझी जागा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नसेल आणि उरलेल्यांनी मला शिव्याच घातल्या असतील, कारण चुकून माझ्यावर बोट पडलं की आधी लिहिलेली अक्षरं मी गिळत सुटते. मला नेमून दिलेलं काम आहे ते, पण ते कोणालाच नको असतं. त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झालाय, ऐकताना तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यात आमचा जन्म घाऊकच होतो. साच्यातून पडलो, अंगावर नावं छापली गेली आणि शंभरेक भावंडांबरोबर मला कीबोर्डवर बसवलं. पहिला मालक मालवाहतुकीच्या ऑफिसातला कारकून होता. माझ्यामुळे एक-दोनदा त्याची पत्रं बिघडली, तेव्हा त्याने पाकिटं फोडायच्या सुरीने मला सरळ उचकटून काढलं आणि ड्रॉवरमध्ये भिरकावलं. टाचण्या आणि वाळलेली पेनं यांच्या संगतीत माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे ऑफिसने नवी यंत्रं घेतली. कारकुनाने ड्रॉवर उपडा केला तो नेमका जुन्या कीबोर्डच्या खोक्यात, आणि आम्ही सगळे दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जाऊन पडलो.

तिथे ताई आली. सोबत तिची धाकटी बहीण, शाळेच्या गणवेशात. ताईची नजर विशीच्या आतच गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळायचा. तिला हल्लीच्या चपट्या कळा नको होत्या, बोटांना उंचसखल लागणारा जुना कीबोर्ड हवा होता. एकेक कळ चाचपत ती माझ्या रिकाम्या जागेपाशी आली आणि थांबली.

"इथली कळ कुठे गेली? मला तीच सगळ्यात जास्त लागते."

दुरुस्तीवाला हसला. लोक ती काढून द्या म्हणून येतात, मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या, असं म्हणत त्याने खोकं उलटंपालटं केलं, मला शोधलं, पुसलं आणि जागेवर दाबून बसवलं. घरी गेल्यावर धाकटीने माझ्यावर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला, म्हणजे ताईच्या बोटाला मी पटकन सापडावी. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेले.

आता ताईला माझी एवढी काय गरज, ते सांगते. तिच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारा एक आवाज होता. तुम्ही वेबपान उघडता, नजर फिरवता आणि हवं ते टिपता. ताईला आवाजाच्या मागून जावं लागतं, आणि तो वरच्या कोपऱ्यापासून जाहिराती, दुसऱ्या पानांच्या लिंका, काय वाटेल ते वाचत खाली येतो. हवं ते सापडेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. म्हणून कळांच्या युक्त्या असतात. एच दाबलं की आवाज थेट पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. बी दाबलं की बटणावर, टी दाबलं की तक्त्यावर. माझ्या जोडीला खालचा बाण दाबला की तिथून पुढे सलग वाचन. माझ्या जोडीला स्पेस दाबली की फिरणं थांबतं आणि लिहिणं सुरू होतं. मोठे हुकूम सगळे माझ्या जोडीनेच दिले जातात.

पण या उड्यांना एक अट असते. पान बनवणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण केलेली हवी आणि बटणाला नाव दिलेलं हवं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली तर ते डोळ्यांना शीर्षक दिसतं, आवाजाला त्याचा पत्ता लागत नाही.

आईवडील दोघींच्याही नशिबात फार काळ नव्हते. धाकटीला वाढवलं ते ताईनेच. या युक्त्या दोघी एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून शिकल्या. धाकटी डोळ्यांवर रुमाल बांधायची आणि ताईच्या आधी बातमी शोधून दाखवते म्हणायची. एखाद्या पानावर शीर्षकांच्या खुणा नसल्या की ताईपेक्षा तिचाच पारा चढायचा. असली पानं बनवणाऱ्यांना कान धरून इथे आणून बसवलं पाहिजे, असं ती म्हणायची. मोठी होऊन तिने पानं बनवण्याचंच शिक्षण घेतलं, तेव्हा ताईला आभाळ ठेंगणं झालं.

ताईला तोवर एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली होती. फोनवरून रुग्णांची नावं नोंदवायची आणि डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. तिने तिथेही हट्टाने आपलाच कीबोर्ड नेला. एका कानात रुग्ण, दुसऱ्या कानात आवाज, तोही इतका भरधाव की शेजारची बाई विचारायची, तुझ्या कानात शिवणयंत्र चालू आहे का? रुग्णाचं रडगाणं संपेपर्यंत ताईने वेळ शोधून ठेवलेली असायची. त्या खोलीत सगळ्यात झपाट्याने काम तिचं व्हायचं, आणि त्यात माझाही हात होता, हे मी बजावून सांगते.

मग दवाखान्याने नोंदणीचं पान नवं करायचं ठरवलं आणि ते काम धाकटीच्या कंपनीकडे गेलं. धाकटी नाचतच घरी आली. तिच्यावर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम होतं. दवाखान्यातल्या साहेबांनी ताईला विचारलं, की पान सुरू करण्याआधी तुम्ही एकदा तपासून बघता का? माणूस वाईट नव्हता. ताईने हसून मान हलवली.

"माझ्या बहिणीच्या हातात आहे ते. तिला मी काय तपासणार? ती या कळांवरच वाढलीय."

मीही तेव्हा अभिमानाने ताठ झाले. पान सुरू झालं त्या सकाळी ताईने बोटं मोडली आणि एच दाबलं. पुढे शीर्षक नाही, आवाज म्हणाला. तिला वाटलं पान अजून पुरतं उघडलं नसेल. थोडं थांबून तिने पुन्हा दाबलं. पुढे शीर्षक नाही. टी दाबलं, तक्ता नव्हता. बी दाबलं तेव्हा आवाज म्हणाला, बटण. मग पुन्हा, बटण. मग पुन्हा, बटण. कुठलं बटण, कशाचं बटण, काही नाही. शेजारची बाई म्हणत होती, काय सुंदर केलंय गं तुझ्या बहिणीने, किती मोठी चित्रं आहेत. ताई हो म्हणाली. तिचं बोट माझ्यावर होतं आणि ते गार पडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीला फोन लावला. धाकटी भराभर बोलू लागली. दवाखान्याच्या वरच्या लोकांना देखणं पान हवं होतं, मुदत तोंडावर आली होती, खुणा आणि नावं तेवढी राहून गेली, पुढच्या आठवड्यात नक्की करते. ताई बरं म्हणाली. पुढचा आठवडा आला तोवर धाकटीच्या गळ्यात दुसरं काम पडलं होतं.

साहेबांना एका शब्दाने सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण धाकटीच्या पहिल्याच मोठ्या कामाला आपल्या तोंडून बट्टा लागायला नको, म्हणून ताई मूग गिळून बसली. तिने वेगळीच वाट काढली. सगळी बटणं एकसारखीच बोलतात ना, मग क्रम पाठ करायचा. चौथं हृदयाचं, पाचवं हाडांचं, असं करत तिने अख्खं पान पाठ केलं. एका कानात रुग्ण बोलत असायचा आणि ती ओठांतल्या ओठांत बटणं मोजायची. घरी येईपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागायचं. मला चीड यायची, पण कळेने चिडून काय करायचं? मला दाबलं तर मी बोलणार.

एके दिवशी पानाच्या माथ्यावर कोणीतरी सूचनेची पट्टी टाकली. तिच्यात ती बंद करायचं एक बटण होतं, बिननावाचंच. सगळी बटणं एका घराने खाली सरकली आणि ताईला ते कळायला काही मार्ग नव्हता. त्या सकाळी एका म्हाताऱ्याने बायकोसाठी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मागितली आणि ताईने भलत्याच विभागात नाव नोंदवलं.

म्हातारा-म्हातारी दोन बस बदलून आली. दुपारपर्यंत चुकीच्या दारासमोर बसली. चूक कळली तोवर हृदयाचे डॉक्टर निघून गेले होते आणि आठवडाभर येणार नव्हते. म्हातारी बाहेर बाकावर धापा टाकत होती. म्हातारा आमच्या खोलीत आला तो भांडायलाच. मोठ्याने विचारलं, कोण होती ती फोनवरची? ताई उठून उभी राहिली. त्याने तिचे डोळे पाहिले आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

"असू दे," तो म्हणाला आणि निघून गेला.

शिव्या दिल्या असत्या तर ताईने त्या ऐकून घेतल्या असत्या. ते 'असू दे' तिला सोसलं नाही. साहेबांनी नंतर बोलावून विचारलं, पानात काही अडचण आहे का, असेल तर स्पष्ट सांगा. ताई म्हणाली, पान ठीक आहे, माझंच लक्ष नव्हतं. साहेबांनी सुस्कारा सोडला. रुग्णांच्या जिवाशी खेळ नको, असं वरून आलं होतं. समजुतीने राजीनामा घेतला गेला. ताईने माझी वायर काढली, गुंडाळली आणि मला पिशवीत घालून घरी आणलं.

संध्याकाळी धाकटी आली. टेबलावर कीबोर्ड बघून ती दारातच थबकली. काय झालं ते ताईने थोडक्यात सांगितलं, म्हाताऱ्याचंही सांगितलं.

"तू त्यांना खरं का नाही सांगितलंस, ताई?"

"काय सांगायचं? माझ्या बहिणीला येत नाही असं?"

ताईनेच पुढे विचारलं,

"येत नव्हतं का तुला?"

"येत होतं."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि जेवणाची ताटं घ्यायला उठली.

त्यानंतर धाकटीने रजा टाकली आणि घरी बसून ते पान दुरुस्त केलं. कंपनीने त्याचं कौतुक केलं नाही की हरकत घेतली नाही. काम झालं तशी तिने ताईला हाताला धरून खुर्चीत बसवलं. बघ ना एकदा, एवढंच म्हणाली.

ताईने एच दाबलं. हृदयविकार. पुन्हा दाबलं. हाडांचे विकार. शीर्षकामागून शीर्षक येत गेलं. बटणं आपापली नावं सांगू लागली, वेळांचा तक्ता वार आणि तासांसकट बोलू लागला. ताईची बोटं पूर्वीसारखी धावायला लागली. मान किंचित कलली, ओठ हलायचे थांबले. धाकटी मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पानाच्या शेवटी शीर्षक आलं, कर्मचाऱ्यांसाठी प्रवेश. ताईची बोटं थांबलीच नाहीत. मला आणि स्पेसला दाबून तिने सवयीने आपलं नाव घातलं, सांकेतिक शब्द घातला आणि एंटर दाबलं.

"या नावाचं खातं अस्तित्वात नाही," आवाज म्हणाला.

पूर्वी ही सूचना नुसती लाल अक्षरांत दिसायची, ऐकू येत नसे. तीही आता ऐकू यावी, अशी सोय धाकटीने आठवणीने केली होती.

"छान झालंय," ताई म्हणाली. "आता कोणाची अडचण होणार नाही." धाकटी जमिनीवर बसली आणि ताईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. ताई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. रागावली आहे की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

धाकटीची पानं आता चोख असतात म्हणे. ताई ऐकते आणि बरं झालं म्हणते, मनापासून म्हणते. संगणक मात्र ती लावत नाही. मी टेबलावर आहे, अंगावर जुनी चादर टाकलेली. तुम्ही कोणी पानं बनवत असाल तर माझं एक ऐका. लोकांसाठी दार उघडायच्या आधी एकदा डोळे मिटा आणि नुसत्या कळांवर आत शिरून बघा. शिरता आलं नाही, तर दुरुस्ती त्याच दिवशी करा. चादरीखालून बोलले, आवाज दबका आला असेल. येते मी.