साडेतीनाचे सहा

मी नेव्हिल बॅराक्लफचा व्हेप बोलतोय. मुठीत मावेल एवढा, काळा, डोक्यावर काचेची टाकी, पोटावर छोटा पडदा आणि त्याखाली बटणं. गावात सगळे मला ई-सिगारेट म्हणतात. हा शब्द ऐकला की माझी बॅटरी तापते. ज्या सिगारेटला घराबाहेर काढायला मला आणलं, तिचंच नाव मला चिकटवायचं? आणि माझ्यातून निघते ती वाफ. धूर नव्हे, वाफ! मी काही साधुसंत नाही. निकोटिन माझ्याही पोटात आहे, आणि ज्याने जन्मात कधी सिगारेट ओढली नाही त्याने माझ्या वाटेलाही जाऊ नये. पण जे मी केलंच नाही त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि ते मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

माझा जन्म शेनझेनचा. तिथल्या कारखान्यात एका मुलीने माझं बटण दाबून पाहिलं, पडदा उजळला, आणि तिने मला खोक्यात झोपवलं. माझ्याबरोबर एक माहितीपत्रकही घातलं, सहा भाषांमधलं. ते आजवर एकाही भाषेत कुणी वाचलेलं नाही. माणसं नवा चहा आणला तरी पुड्यावर किती चमचे लिहिलेत ते बघतात. मला मात्र खोक्यातून काढलं की थेट तोंडाला लावतात.

थॉर्नशॉ हे यॉर्कशरच्या डोंगरातलं जुनं गिरणीचं गाव. गिरणी गेली, तिचा ब्रास बँड तेवढा राहिला. नेव्हिल त्या बँडचा पहिला युफोनियमवाला. युफोनियम म्हणजे पोटाशी धरून वाजवायचं ते जाड, मायाळू आवाजाचं पितळी वाद्य. त्याच्या बापानेही हीच खुर्ची सांभाळली होती. बापाचा श्वास सिगारेटने नेला, आणि पोराने त्याची खुर्ची घेतली तशी सिगारेटही घेतली.

त्या जानेवारीत डॉक्टरांनी त्याला सरळच सांगितलं, "फुप्फुसांचं जे गेलं ते गेलं. उरलंय ते राखायचं असेल तर सिगारेट आजच सोडा." आणि बँडमास्तरांनी त्याहून सरळ सांगितलं. विट फ्रायडेला, जूनमधल्या त्या संध्याकाळी, सगळे बँड बसने गावोगाव फिरतात, रस्त्याने वाजवत चालतात आणि परीक्षकांपुढे एकेक मार्चची धून वाजवतात. "थॉर्नशॉचा चढ वाजवत चढलास, तर खुर्ची तुझी," बँडमास्तर म्हणाले. "नाही जमलं, तर ती तरुण माणसाला देईन. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट कसं नाही वाटणार? दुसऱ्याच दिवशी नेव्हिलची बायको ब्रेंडा त्याला दंडाला धरून बाजारातल्या शाझियाच्या दुकानात घेऊन आली. मी तिथे काचेच्या कपाटात उभा होतो.

"यांना दिवसाला तीस लागतात," ब्रेंडा म्हणाली. "आणि पंचवीस म्हणून सांगतात."

"पंचवीसच लागतात," नेव्हिल म्हणाला.

"पाच मी मोजत नाही म्हणून!"

शाझिया हसली. तिने मला काढलं, टाकी उघडली आणि आतली कॉइल बाहेर काढून दाखवली. कापसाभोवती तार, एवढंच काय ते माझं काळीज. "हे बघा नेव्हिल, तार तापते, कापसातला रस उकळतो, त्याची वाफ होते. व्होल्ट म्हणजे तारेतून वीज ढकलणारा जोर. ओहम म्हणजे ती तार किती अडवते ते. आणि वॅट म्हणजे त्या दोघांतून निघणारी आच. तुमच्या गॅसच्या शेगडीची आच समजा."

"मग मोठी आच केली की झालं."

"दुधाला करता का मोठी आच?"

शाझियाने कॉइल त्याच्या डोळ्यांपुढे धरली.

"कॉइलवर तिची आच कोरलेली असते. ही बारा ते अठरा वॅटची. मी पंधरावर लावून देते. व्होल्टचं गणित हा डबा स्वतःच करतो, तुम्ही त्यात बोट घालायचं नाही. आणि नवी कॉइल घातली की रस भरून दहा मिनिटं नुसतं बसायचं. कापूस भिजू द्यायचा. कोरडा कापूस तापवलात तर जळतो, आणि जळक्या कापसाची चव एकदा घेतलीत की पुन्हा मला तोंड दाखवणार नाही तुम्ही."

किती नीट सांगितलं हो त्या बाईने! आणखीही एक गोष्ट तिने सांगितली होती, पण तोवर नेव्हिलचं लक्ष खिडकीबाहेर गेलं होतं. मुख्य बटण तीनदा दाबलं की माझ्या पडद्यावर वॅटच्या जागी व्होल्टचा आकडा येतो. मग वाढवायचे ते व्होल्टच वाढतात. जुन्या लोकांना तसंच लागायचं, म्हणून ती सोय ठेवली आहे. "त्या वाटेला जाऊ नका," शाझिया म्हणाली, आणि मला पिशवीत घातलं.

तरी खरं सांगतो, ते पहिले महिने सोन्यासारखे गेले. नेव्हिल सकाळी मागच्या पायरीवर बसून माझे चार झुरके घ्यायचा आणि ब्रेंडा चहा आणून द्यायची. फेब्रुवारीत त्याला भाजलेल्या मटणाचा वास आला म्हणून तो अक्षरशः स्वयंपाकघरात धावला. मार्चमध्ये जिना चढताना त्याने कठडा धरला नाही, आणि ते ब्रेंडाने पाहिलं, पण नजर लागेल म्हणून बोलली नाही. बँडच्या खोलीत एक लांब सूर त्याने शेवटपर्यंत नेला तेव्हा मी त्याच्या वरच्या खिशात होतो. छातीचा भाता कसा भरतो ते मला तिथून कळायचं. मला फार अभिमान वाटला, का नाही वाटावा?

एकच गोष्ट मला खटकायची. बँडच्या गार खोलीत गेल्यावर नेव्हिल लगेच वाजवायला घ्यायचा नाही. युफोनियम पोटाशी घेऊन आवाज न काढता त्यात ऊन श्वास सोडत बसायचा. गार पितळ बेसूर वाजतं म्हणून. किती वेळ, किती मायेने! आणि माझी कॉइल बदलली की दहा मिनिटं त्याच्या जिवावर यायची. दोन मिनिटांत बटण दाबायचा. त्या पितळेला मान, आणि मला घाई. कापूस कडेने करपायचा, तरी मी वाफ देत राहायचो.

मग आला विट फ्रायडे.

बस भरलेली. मांडीवर टोप्या, पायाशी वाद्यांच्या पेट्या, पोर्क पाय नावाच्या मांसभरल्या कचोऱ्यांचे तुकडे हातोहात फिरताहेत. नेव्हिलच्या शेजारी त्याचा शाळेपासूनचा दोस्त रॉय, बास ट्रॉम्बोन वाजवणारा. रॉयला जगातलं सगळं कळतं, फक्त कुणी विचारायची खोटी. बसमध्ये ओढायला बंदी, म्हणून पहिल्या गावात उतरल्यावर नेव्हिलने मला बाहेर काढलं. यानंतरचं गाव आपलंच थॉर्नशॉ, आणि तिथेच तो चढ.

"दे इकडे," रॉय म्हणाला. "ही काय वाफ आहे? आमची किटली जास्त सोडते."

"राहू दे रे. शाझियाने लावून दिलंय."

"शाझिया वाजवणारे का तो चढ? आज जरा दम पाहिजे लेका!" आणि रॉयचा जाड अंगठा माझ्यावर आला. कुठलं बटण, किती वेळा, काही विचार नाही. तीनदा टकटक केलं, आणि माझा पडदा बदलला. पंधराच्या जागी दिसू लागलं साडेतीन.

"साडेतीन?" रॉय खोखो हसला. "अरे, साडेतीनावर चाललंय तुझं! मग कसली तलफ भागणार?"

अरे गाढवा, ते साडेतीन व्होल्ट होते! त्या तारेला साडेतीन व्होल्ट म्हणजेच पंधरा वॅट. तोच रुपया, वेगळी नाणी. आकडा कसला आहे ते पडद्यावरच लिहिलेलं होतं, आकड्याच्या शेजारी. स्वरलिपीचे कागद वाचणारे हे लोक, सुराच्या शेजारचं इवलंसं चिन्ह त्यांना दहा हातांवरून दिसतं. माझ्या पडद्यावरचं एक अक्षर मात्र दिसलं नाही.

"सहावर ठेवतो. अडीचच वाढवले, फार नाही," रॉय म्हणाला.

अडीचच! व्होल्ट वाढले की आच त्यांच्या मागोमाग सरळ वाढत नाही, उड्या मारत वाढते. व्होल्ट दुप्पट करा, आच चौपट होते. साडेतीनाचे सहा केले, आणि पंधरा वॅटचे झाले चव्वेचाळीस. अठरापर्यंतच्या तारेत चव्वेचाळीस! मला बोलता येत असतं तर मी त्या रस्त्यावर बोंब ठोकली असती. पण मला फक्त हुकूम पाळता येतो.

नेव्हिलने लांब श्वास घेतला. कापूस भसकन जळाला. तो वाकला, खोकला, डोळ्यांतून पाणी, तोंड वेडंवाकडं. "विष आहे हे!" तो कसाबसा म्हणाला. त्याने मला युफोनियमच्या पेटीत, झडपांच्या तेलाच्या बाटलीशेजारी फेकलं. आणि रॉयने, दोस्तीखातर हो, आपलं पाकीट पुढे केलं. "घे एक. आजच्या दिवस."

मी पेटीच्या फटीतून ती काडी पेटलेली पाहिली. मला रडता येत नाही, पण आतून मी जळलेलोच होतो.

दुसरी, तिसरीही तिथेच झाली. मग बस थॉर्नशॉच्या पायथ्याशी थांबली आणि बँड वाजवत चढू लागला. मी रिकाम्या पेटीत, बसमध्ये. तरी मला ऐकू येत होतं. अर्ध्या चढावर, जिथे सगळे हलके होतात आणि युफोनियम एकट्याने ती ओळ उचलतं, तिथे ओळ उचलली गेली, आणि मध्येच तुटली. बाकीचे वाजवत राहिले. त्या तुटलेल्या जागी नुसते बुटांचे आवाज होते.

रस्त्याच्या कडेला ब्रेंडा घडीची खुर्ची टाकून बसली होती. तिला परीक्षकांची गरज पडली नाही. तिला त्याच्या कोटाचा वास आला, आणि सगळं कळलं.

घरी गेल्यावर नेव्हिल म्हणाला, "त्या डबड्याने दगा दिला."

मी दगा दिला! आणि रॉय? रॉय मूग गिळून बसला.

ब्रेंडा मला घेऊन शाझियाकडे गेली. शाझियाने पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला. "सहा व्होल्ट! कुणी केलं हे?" तिने जळकी कॉइल काढली, नवी घातली, रस भरला, मला पुन्हा पंधरा वॅटवर आणलं. ब्रेंडाने घरी येऊन सगळं सांगितलं. नेव्हिल ऐकून घेत होता, पण बोटांत पेटलेली सिगारेट होती. "आता काय उपयोग," तो म्हणाला. "चढ गेला."

"चढ गेला, तू आहेस ना अजून!" ब्रेंडा ओरडली. "त्या पितळेत अर्धा अर्धा तास श्वास फुंकतोस. स्वतःच्या छातीसाठी दहा मिनिटं नाहीत तुझ्याकडे?"

तो दार ओढून बाहेर गेला. तिने मला त्याच्या युफोनियमच्या पेटीत, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलं. कधीतरी हाताला लागेन म्हणून. पण त्या दिवसापासून त्याने पेटीच उघडली नाही.

शरद ऋतूत बँडमास्तर आले. वाद्य बँडचं असतं, माणसाचं नसतं. नेव्हिलने स्वतः पेटी उचलून त्यांच्या गाडीत ठेवली, आणि तिच्यासोबत मीही गेलो.

पेटी उघडली ती टॅम्झिनने. वीस-बावीसची पोरगी, गालावर तीळ, नवी पहिली युफोनियमवाली. तिने मला दोन बोटांत धरून वर केलं. माझा जीव खाली-वर. नको ग बाई, मनात म्हटलं, तू कधी ओढली नाहीस, तुझं माझं काही काम नाही. तुझ्या श्वासाला हात लावायची माझी लायकी नाही. पोरगी शहाणी निघाली. तिने मला रुमालात गुंडाळलं आणि सरावानंतर नेव्हिलच्या दारात उभी राहिली.

"नेव्हिल, तुमचं काहीतरी पेटीत राहिलं होतं."

तो पायरीवर बसला होता, पायाशी थोटकं. त्याने मला हातात घेतलं. "हे डबडं होय," तो म्हणाला. मग त्याने बटण दाबलं, पडदा उजळला. पंधरा, आणि शेजारी वॅटचं ते एक अक्षर. त्याने अंगठ्याने पडदा पुसला आणि ते अक्षर पुन्हा वाचलं.

"चढावरची ती ओळ," टॅम्झिन म्हणाली, "मला शेवटपर्यंत पुरत नाही. तुम्ही श्वास कुठे घेत होता?"

"आता मला काय विचारतेस पोरी."

"मग कुणाला विचारू? रॉयला?"

नेव्हिल हसला. किती दिवसांनी! हसता हसता खोकला आला आणि खोकला थांबेना. ब्रेंडा दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच शाझियाकडे गेला. माझा जुना, काळवंडलेला रस ओतून टाकला, नवी कॉइल घेतली. घरी येऊन ती घातली, रस भरला, आणि मला खिडकीत ठेवलं.

मी वाट बघत होतो, आता दाबेल, आता दाबेल. त्याने दाबलं नाही. चहा ओतला, खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवून बसला. कापूस तळापासून हळूहळू भिजत वर आला. इतक्या महिन्यांत त्याच्या हातून पहिल्यांदाच. एवढंच तर मागत होतो मी! यासाठी याची खुर्ची जायला हवी होती का? अजूनही आठवलं की माझा संताप होतो, आणि होतच राहील.

तेवढ्यात खालून, बँडच्या खोलीतून, टॅम्झिनचं युफोनियम ऐकू आलं. चढावरचीच ओळ. ती वाजवत होती आणि नेव्हिल मान हलवत तिच्याबरोबर श्वास सोडत होता, जणू वाद्य अजून त्याच्याच पोटाशी आहे. "इथे नको, इथे घेऊ नकोस," तो पुटपुटला. "अजून थोडं पुढे... हं, आता घे."

ओळ शेवटपर्यंत गेली. तोवर दहा मिनिटं होऊन गेली होती, मग त्याने मला खिडकीतून उचललं.

माझा पडदा तेवढा नीट वाचा, एवढीच विनंती.