चावणारा माग

"तुमचा माग बंद पडल्यापास्नं मला दुपारची झोपच न्हाय बघ," नागुबाई तांदूळ निवडता निवडता पुटपुटली. शेजारीण आमची, दोन घरांत भिंत एकच. "खडखड कानाशी असली की डोळा लागायचा. आता नुसतं गप्प गप्प."

मी तिच्या सुपाला गुडघा लावून बसले होते. म्हटलं, "आज होईल सुरू."

काल आप्पांचं तेरावं झालं. पाहुणे मच्छ्याला, जांबोटीला परतले. आज स्वरूपानं, माझ्या लेकीनं, माग सुरू करायचा असं सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, ठरवलं होतं. "आप्पांचा जीव तिच्यात व्हता. तिच्याच हातानं व्हऊ दे." कुणी नको म्हटलं नाही. आमच्या घरात नको म्हणायची वेळ आली की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं.

केदारी आप्पा, माझे सासरे, यांनी वडगावच्या ह्याच खोलीत विजेच्या मागावर चाळीस वर्षं साड्या विणल्या. शाळेतलं कन्नड जमेना म्हणून स्वरूपा रडत आली, तेव्हा साठी उलटलेला हा माणूस बाजारातून अंकलिपी घेऊन आला. मागासमोरच्या भिंतीवर खडूनं रोज दोन अक्षरं लिहायची आणि विणता विणता घोकायची. स्वरूपाला नव्वद मार्क पडले. आप्पांना बसवरच्या पाट्या शेवटपर्यंत निम्म्याच वाचता यायच्या, पण पेढे वाटताना "आम्ही दोघंबी पास झालो" असं सांगत गल्लीभर फिरले. मला ताप आला की पहाटे उठून भांडी घासायचे आणि कुणी बघितलंच तर म्हणायचे, "मांजर शोधतोय." आमच्याकडे मांजर नव्हतं.

गेले तेही मागाजवळच. दर अमावास्येला माग धुवून-पुसून हळदीकुंकू लावायचं आणि घटकाभर चालवायचा, ही घरची रीत. त्या दिवशी पूजा करता करता ते कोसळले. "पूजेत ॲटॅक आला, काय भाग्याचं मरण," भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. आम्ही माना हलवल्या.

दिवाळीपासून माग चावत होता. हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. आप्पा हसण्यावारी न्यायचे, "म्हातारा झाला न्हवं, चिडणारच." पण रबरी चपला घातल्याशिवाय स्वतः कधी मागावर उभे राहिले नाहीत, आणि स्वरूपा जवळ आली की आधी तिच्या पायांकडे बघायचे. माझा नवरा शिवराज म्हणाला, वायरमन आणतो. सणानंतर आणतो म्हणाला. मग लग्नसराईची घाई आहे म्हणाला.

ते पडले तेव्हा तळहात चोळायला मीच बसले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते, भाजल्यासारखे. मी शिवराजकडे बघितलं. त्यानं डाग पाहिले होते. "दम लागलाय त्यास्नी," तो म्हणाला. त्यांच्या रबरी चपला उंबऱ्याबाहेर जोडून ठेवलेल्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ॲटॅकच होता, त्यांनी तोच लिहिला. तेव्हापासून वायरमनचं नाव कुणी काढलं नाही. आणला असता तर का आणला ते सांगावं लागलं असतं.

स्वरूपा न्हाऊन आली. केसांतून पाणी निथळत होतं, पाय अनवाणी. सासूबाईंनी नुकताच पाण्याचा सडा शिंपडला होता, फरशी ओलीचिंब.

"चप्पल घाल गं," मी म्हटलं.

"पूजेला चप्पल? आई, तुझं आपलं काहीतरीच."

नागुबाई सूप बाजूला ठेवून बघायला आली होती. ती मला म्हणाली, "राजेश्वरी, लेकीला देवाम्होरं चपला घालून नाचवणार हाईस व्हय?"

ती हसली. आणि मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडाला कडू लागतं.

शिवराज मागाच्या बटणापाशी उभा होता. हात वर गेला, थांबला. मी त्याच्याकडे बघत होते, तो बटणाकडे. "दाबा की बाबा," स्वरूपा म्हणाली. त्यानं दाबलं. मोटर गुरगुरायला लागली. तेरा दिवसांनी तो आवाज घरात आला, आणि मला वाटलं, खोलीत कुणीतरी दात खातंय.

स्वरूपानं ओली बोटं कुंकवात बुडवली. "आप्पा, बघताय न्हवं?" म्हणत हात पुढं केला. लोखंड वीतभर लांब राहिलं होतं. मी पदर सावरला. शिवराजनं बटणाभोवतीची धूळ पुसली. भिंतीवरची खडूची अक्षरं तेवढी आमच्याकडे बघत होती.

भिंतीला पाठ लावून बसलेल्या सासूबाई कधी उठल्या कळलं नाही. त्यांनी मागून स्वरूपाचे ओले केस मुठीत धरले आणि तिला मागं ओढलं. कुंकवाची वाटी घरंगळत गेली.

"आज्जी, दुखतंय गं!"

"दुखू दे. शिवराज, बंद कर त्ये."

त्यानं बटण बंद केलं. गुरगुर थांबली. सासूबाईंनी केस सोडले नाहीत. आमच्या कुणाकडेच न बघता, हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"ॲटॅक न्हवता त्यो. शॉक लागून गेले त्ये. चपला घालूनच पूजा करतो म्हनत व्हते. मी म्हनलं, देवाम्होरं शोभतंय का? आधी काढा. मीच काढायला लावल्या."