ऐंशी टक्क्यांनंतर

माझी बायको रोज उशिरा घरी यायची आणि आनंदात यायची. यातलं पहिलं मी कसंबसं चालवून घेत होतो.

उशिराचं कारण उघड होतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या कंबरा सोडवते. दिवसभरच्या हिंडण्यासाठी आम्ही विजेवरची गाडी घेतली, आणि तो हट्ट माझाच होता. गाडी झकास निघाली. पण आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नव्हती, त्यामुळे संध्याकाळी तिला पुलापलीकडच्या स्टेशनवर जावं लागायचं. तिथे चार मशीन. त्यातलं एक कायम बंद आणि एक लहरी. गाड्या मात्र इतक्या की मुंगी शिरायला जागा नाही. गेटवर ठळक अक्षरांत 'जलद चार्जिंग' लिहिलंय. तिथे जलद तापतं ते फक्त लोकांचं डोकं.

अशा ठिकाणी रोज रांग लावून माणूस घरी आला की त्याने चार शिव्या घालाव्यात, दार आपटावं. हिचं उलटंच. चप्पल काढता काढता हिला हसू फुटायचं आणि जेवताना रांगेतल्या गोष्टी सुरू व्हायच्या. बेकरीवाल्या बाई व्हॅनमध्ये घोरत होत्या आणि सगळ्यांनी मिळून त्यांना न उठवता केबल लावून दिली. कुणीतरी रांग मोडून पुढे घुसला तर एका आजोबांनी त्याच्या गाडीपुढे घडीची खुर्ची टाकली आणि पेपर वाचत बसले. माझी आई खदाखदा हसायची. मीही हसायचो, गोष्टीत लिफ्टवाला येईपर्यंत.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचीही गाडी विजेवरची, त्याचीही वेळ संध्याकाळची. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से त्याच्याकडे पोत्याने होते. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे शेजारी एकत्र अडकले आणि बाहेर आले ते व्याही होऊन, असलं काहीतरी. "लिफ्टवाला म्हणत होता" असं म्हणून ती सुरू झाली की माझा घास तोंडात फिरायला लागायचा.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. घरातल्याच मागच्या खोलीत माझं काम चालतं. माझ्याकडे दिवसभर किस्से घडत नाहीत. डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, मी मेणात दात बसवतो, घासतो, पुन्हा बसवतो. कवळीत एखादा दात केसभर उंच राहिला तरी सगळी कवळी डुगडुगते. माझ्या मनात तो लिफ्टवाला असाच उंच राहिला होता. काहीही चावलं तरी आधी तोच लागायचा.

त्यात गाडीचं ॲप माझ्याही फोनवर होतं. गाडी किती भरली ते त्यात दिसतं. स्टेशनवर एक अलिखित नियम आहे, तिनेच सांगितलेला. ऐंशी टक्के झाले की केबल काढायची आणि मागच्याला जागा द्यायची. ऐंशीनंतर मशीन फार हळू भरतं, आणि तिथे अडून बसणं म्हणजे रांगेचा खून. मी कवळी घासता घासता फोनकडे बघायचो. साठ, सत्तर, ऐंशी. आकडा ऐंशीवर थांबायचा. स्टेशनपासून घर पाच-सात मिनिटांवर. आणि बाईसाहेब यायच्या त्यानंतर चांगल्या अर्ध्या-पाऊण तासाने.

"उशीर का झाला?" मी रोज विचारायचो, अगदी सहज विचारल्यासारखं.

"रांग होती," ती म्हणायची, आणि हात धुऊन आईच्या खोलीत जायची. आईचे गुडघे धरलेत. रात्रीच्या जेवणाआधी बायको तिला व्यायाम देते, पाय चोळते. आई सगळ्या नातेवाइकांना सांगते की सून असावी तर अशी. मला तिथेही जरा लागायचंच. आईने माझ्याबद्दल असं कधी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

एका शनिवारी मला राहवेना. पुलापलीकडे एका दवाखान्यात कवळी द्यायची होती. ती सोमवारी दिली असती तरी चाललं असतं, पण मी ती खिशात घातली आणि बसने निघालो. स्टेशनसमोर सायकलचं दुकान आहे. तिथे टायर बघत असल्यासारखा उभा राहिलो. दुकानदाराने दोनदा काय हवंय विचारलं.

रांग पार गेटबाहेर आली होती. लोक गाड्यांमधून उतरून घोळक्याने गप्पा मारत होते. आमची गाडी नुकतीच मशीनपाशी लागली होती. बायको उतरली, तिने मशीनवरची केबल काढली. एक उंच, निळ्या कामाच्या कपड्यातला माणूस पुढे आला. काही न बोलता त्याने हात पुढे केला आणि हिने केबल त्याच्या हातात दिली. रोजचंच असल्यासारखं. त्याने ती आमच्या गाडीला लावली आणि काहीतरी बोलला. ती गाडीला टेकून, एका हाताने दुसरा हात धरून, मान मागे टाकून हसली.

घरी साधं पाणी दिलं तर "मी घेते ना" म्हणणारी बाई आहे ही. भाजीची पिशवी मी पुढे होऊन घेतली तर तिला राग येतो. आणि इथे एक परका माणूस हात पुढे करतो आणि ही केबल देऊन टाकते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सायकलची एक घंटा विकत घेतली, कारण दुकानदार आता माझ्याकडे संशयाने बघत होता, आणि परत आलो. आमच्याकडे सायकल नाही.

त्या आठवड्यात मी चंगच बांधला. इमारतीत चार्जर बसवायला कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटी म्हणजे चेअरमन. हा गृहस्थ वर्षभर आमचा अर्ज दाबून बसला होता. पण त्याची कवळी ढिली होती. बैठकीत 'ठराव' म्हणताना ती खाली यायची आणि लोक टेबलाकडे बघायचे. मी त्याच्या डॉक्टरांकडून माप मागवलं, बाकीची कामं बाजूला सारली आणि त्याला अशी कवळी करून दिली की तो कणीस खायला लागला. परवानगी आली. वायरमन आला. आमच्या पार्किंगच्या खांबावर पांढरा चार्जर बसला.

मी तो तिला मोठ्या थाटात दाखवला. म्हटलं, आता रांग नाही, ताटकळणं नाही, ऐंशीवर काढायची कटकट नाही, रात्रभर लावून ठेव आणि सकाळी शंभर टक्के घेऊन जा.

तिने चार्जरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान," ती म्हणाली. एवढंच.

ती लवकर घरी यायला लागली. आई खूश, गुडघे वेळेवर. मी खूश असायला हवं होतं. पण जेवताना ताटवाट्यांचाच आवाज. रांगच नाही तर गोष्टी कुठल्या? मी माझ्याकडून चेअरमनच्या कणसाचा किस्सा सांगितला. ती हसली, पण ते हसू पाहुण्यांसाठी असतं तसं होतं. मला वाटलं, हिला त्याची आठवण येतेय. मग मी आणखीनच जळायला लागलो. डोळ्यांसमोरून माणूस हटवला तर तो थेट माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

आणि एक नवीनच. ती गाडी लावायची, पण वर यायची नाही. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. दिवे मालवलेले, काचा वर, आणि ही आत बसलेली. फोनवर असणार, दुसरं काय? मी दोन-तीन दिवस पाहिलं आणि मग एका संध्याकाळी खिडकीशी दबाच धरून उभा राहिलो.

गाडी आली. ती उतरली, चार्जरची केबल घेतली, डाव्या हाताने. ती उजव्या हाताची आहे. केबलचं तोंड गाडीला लावलं, पण ते आत बसेना. तिने डाव्या हाताने रेटलं, मग वळून कमरेने ढकललं. बसलं. मग उजवा हात छातीशी धरून ती तशीच उभी राहिली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली.

मी जिने उतरलो ते तिला रंगेहाथ पकडायलाच, खोटं कशाला सांगू? खिडकीतून जे दिसलं ते डोक्यात शिरायला जिने पुरले नाहीत. मी तिच्या शेजारचं दार उघडून आत बसलो.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशीच नाही." फोन मागच्या सीटवर पर्समध्ये होता. तिचा उजवा हात मांडीवर होता, मनगटाला आवळून पट्टी बांधलेली. ही पट्टी घरात मी कधी पाहिली नव्हती. घरी येताना ती काढून पर्समध्ये ठेवत असणार.

"हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितलंय. नाहीतर हात कायमचा जाईल म्हणाले." ती समोरच्या खांबाकडे बघत बोलत होती. "हाताशिवाय मी काय करणार? म्हणून दिवस ढकलत होते."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच तोंडातून बाहेर पडलं. "त्या लिफ्टवाल्याला माहीत होतं?"

"रांगेत सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा माझ्या हातातून केबल पडली तेव्हा त्यानं विचारलं, हात दुखतोय का? मी हो म्हटलं. मग तोच लावून द्यायचा."

"आणि ऐंशी झाल्यावर? ऐंशी झाल्यावर का थांबायचीस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ॲपवर मी काय बघत होतो ते तिला त्या क्षणी कळलं असावं. "हाताला विसावा. घरी आलं की आईंचे गुडघे असायचे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंसच कुठे? तू रोज विचारायचास, उशीर का झाला. मी रोज सांगत होते, रांग होती म्हणून."

चार्जरचा हिरवा दिवा उघडझाप करत होता. मी किती मेहनतीने तो तिथे बसवला होता, आणि कशासाठी, ते माझं मलाच ठाऊक होतं. तिला बसायला जी एक जागा होती ती मी बंद केली होती, म्हणून ती आता पार्किंगमध्ये अंधारात बसत होती.

तिने काम थांबवलं. बरं वाटेपर्यंत, असं सगळ्या पेशंटना कळवलं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली की ती रोज पाय चोळून घेताना "अजून जरा जोर दे" म्हणायची. गुडघ्यांचं काम माझ्याकडे आलं. बायको खुर्चीत बसून सांगते, मी करतो. आईच्या मते माझा हात दातांनाच बरा.

पुढच्या शनिवारी मीच म्हटलं, स्टेशनवर जाऊ. ती म्हणाली, खांबावर चार्जर असताना कशाला, तिथे रांग असते. म्हटलं, असू दे.

रांग होतीच, गेटबाहेर. आम्ही शेवटी लागलो. ती गाडीतून उतरली आणि घोळक्यात दिसेनाशी झाली. बेकरीवाल्या बाईंनी तिचं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. खुर्चीवाल्या आजोबांनी आपली खुर्ची तिला दिली. डॉक्टरांनी काय सांगितलं, सूज उतरली का, असं जो तो विचारत होता, आणि ती सगळ्यांना सांगत होती. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. मला सगळ्यांचाच हेवा वाटत होता, त्या आजोबांचासुद्धा.

आमची पाळी आली. मी उतरलो तोवर लिफ्टवाला सवयीने पुढे आला होता. जवळून पाहिलं तर पन्नाशीचा, दमलेला, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं, मी नवरा असणार हे ओळखलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

मी केबल काढली. आमच्या खांबावरची केबल नळीसारखी हलकी आहे. ही मनगटाएवढी जाड आणि इतकी जड की माझा हात झटकन खाली गेला. हीच केबल ती रोज उचलत होती, त्याने विचारेपर्यंत.

"दोन्ही हातांनी धरा," लिफ्टवाला म्हणाला.

मी एकाच हाताने धरली. केबलचं तोंड गाडीला लागत नव्हतं, मागचे लोक बघत होते.

"दोन्ही हातांनी धर," खुर्चीवरून बायको म्हणाली.

मग मी दोन्ही हातांनी धरली. ती म्हणाली म्हणून. त्याच्या सांगण्यावरून नाही.