ऐनाच्या फळीवरचा कागद

"परातीत कागूद भिजवतोस? उकडून खायचाय का?" लसूण सोलता सोलता बनुबाईने विचारले.

"ताणायचाय, आये." दीपेशने जाड कागद पाण्याखाली दाबला. "पाणी प्याला की कागद वाढतो. वाढलेला असतानाच कडा फळीवर चिकटवायच्या. सुकताना तो आकसू पाहतो, पण कडा सोडत नाहीत. मग ढोलकीसारखा ताठ राहतो. वर रंगाचं पाणी ओतलं तरी लाटा येत नाहीत."

"म्हंजी त्याला माघारी जायचंय, आन तू जाऊ देत नायस."

"कागदाला कुठे जायचं नसतं."

"तुझ्या कागदाला नसंल," म्हातारी म्हणाली.

दीपेश एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राही आणि सुट्टीला आंबेनळी घाटाच्या रस्त्यालगतच्या नव्या वस्तीत आईकडे येई. जुनी वाडी वर, डोंगराच्या पोटाशी होती. वाडीच्या माथ्यावर जमिनीला भेग पडली, तेव्हा त्यानेच दोन्ही कडांना खुंट्या ठोकून पावसाळाभर अंतर मोजले होते. भेग रुंदावत होती. ते आकडे त्याने गावकीपुढे ठेवले आणि वाडी खाली उतरली. कौले, वासे, दारेसुद्धा उतरली. डोंगर मात्र अजून पडला नव्हता. न पडणे म्हणजे न पडणार असणे नव्हे, हे त्याने आईला अनेकदा सांगून पाहिले. ती रोज सकाळी अंगणात उभी राहून वर पाही आणि म्हणे, "हाय तिथंच हाय."

तिचे गुडघे आता चढ घेत नव्हते. म्हणून तिने घराचे चित्र मागितले होते. फोटो होते ते लग्नाकार्यांतले; त्यांत माणसे पुढे आणि घर मंडपाच्या कापडामागे. दीपेश समोर दिसेल तेवढेच रंगवी. मागच्या खेपेला वर जाऊन त्याने समोर दिसले ते प्रामाणिकपणे काढून आणले होते. "ह्ये माझं घर नाय," चित्र परत देत ती म्हणाली होती. "ही नुसती जोती हायत."

आता तो मोठ्या कागदावर पुन्हा प्रयत्न करणार होता. त्याची प्लायवूडची फळी ओलीने फुगून सुटली होती. बनुबाईने खाटेखालून जुन्या पुढल्या दाराची ऐनाच्या लाकडाची फळी ओढून दिली. त्याने कागद निथळला, फळीवर पसरला, मधून कडांकडे पाणी टिपत नेले आणि डिंकाची कागदी पट्टी भिजवून चारी बाजू चिकटवल्या. भाद्रपदातली हवा, सुकायला वेळ लागणार होता.

सकाळी कागद उत्तम ताणलेला होता. टिचकी मारली की वाजत होता. पण त्यावर तपकिरी छाया पसरली होती आणि तिच्यात निळसर काळे डाग उमटले होते.

कारण त्याला तत्काळ कळले. ऐनाच्या लाकडात टॅनिन भरपूर. त्याला लोखंड आणि पाणी मिळाले की शाईच तयार होते. फळीत खिळे होते. हाताखालच्या माणसाने ही चूक केली असती, तर त्याने त्याला फैलावर घेतले असते. परंतु काल फळी हातात घेताना त्याला लाकूड दिसलेच नव्हते. दार दिसले होते.

कागद कापून टाकायला त्याने सुरी उचलली.

"थांब." हिरवे लुगडे सावरत बनुबाई वाकली आणि एका डागावर तिने बोट ठेवले. "ही कडी. आन ह्यो खिळा मेला लुगडं फाडायचा. तुझा बाप म्हनायचा, उद्या ठोकतो. ठोकला नाय तो नायच."

"डाग पडलाय, आये. रासायनिक क्रिया आहे ती."

"आसू दे. आपल्याच दाराची ना?"

उत्तर एकच होते. "हो."

त्याने सुरी ठेवली. समोर नसलेले काही काढण्याची त्याला सवय नव्हती, तरीही पेन्सिल घेऊन त्याने विचारले, "बरं. घर कुठून दिसायला हवं? वाटेवरून, की विहिरीकडून?"

बनुबाई गोंधळली.

"भायेरनं कवा बघितलंय रे मी? मी आत आसायचे," ती म्हणाली. "कामं आटपली की उंबऱ्यावर बसायचे. तिथनं दिसायचं, ते काढ."

दीपेशने आभाळ पाहिले. दोन दिवस उघडीप होती. त्याने फळी खांद्यावर घेतली आणि तो वर निघाला.

जोत्यावर गवत माजले होते. उंबऱ्याच्या जागी तो बसला. मग आईची उंची लक्षात घेऊन आणखी खाली सरकला. समोर भाताची खाचरे होती, पलीकडे घाटाचा रस्ता, आणि अलीकडच्या काठाला, तिच्या दिवसांत नव्हती अशी, नव्या वस्तीच्या पत्र्यांची एक रांग. एका पत्र्यापुढे अंगणात हिरवा ठिपका उभा होता. एवढ्या अंतरावरून चेहरा ओळखणे शक्य नव्हते. लुगड्याचा रंग ओळखता येत होता.

समोरचे सगळे काढायचे, तर तो ठिपकाही काढणे आले. त्याने कुंचला ओला केला. हिरवा रंग घेणार तोच ठिपका हलला, घराकडे चार पावले गेला, थांबला, आणि पुन्हा वर वळून उभा राहिला.