बाजाराच्या दिवशी खाली उतरणारा तलाव

‘सदर जलाशय अतिउंच प्रदेशात असल्याने तेथील हवा विरळ आहे, परिणामी बोटीचे इंजिन सहज सुरू होत नाही. बोट सखल ठिकाणी हलवावी.’

पुरवठादाराच्या इंजिनिअरचा हा निष्कर्ष अल्काबाईंनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. कोसमटोल्याची मुलं तलावापलीकडच्या शाळेत वेळेवर पोहोचावीत म्हणून ही बोट त्यांनी भांडून मिळवली होती. ती गेली, तर मुलांच्या वाट्याला पुन्हा तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, लांबलचक वळसा येणार होता. आणि मुलींच्या वाट्याला बहुधा घरच.

हा अतिउंच प्रदेश समुद्रसपाटीपासून पुरता तीनशे मीटरही नव्हता. एवढ्यावर इंजिनं गुदमरत असतील, तर सडक अर्जुनीच्या हायवेवरचे ट्रक धाब्याधाब्यापाशी मूर्च्छित पडायला हवे होते. शिवाय हे इंजिन फ्युएल इंजेक्शनचं. हवेचा दाब मोजून त्या मानानं पेट्रोल सोडण्याची सोय त्याच्या पोटातच होती. ज्या दुखण्याचा इलाज कंपनीनं यंत्रात घालून विकला, तेच दुखणं तिच्या माणसानं निदान म्हणून लिहून दिलं होतं. अज्ञानाला अल्काबाई क्षमा करत. शिक्का मारलेल्या अज्ञानाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धक्क्यावर पोहोचल्या, तेव्हा इंजिनिअर ओमेश बोट न्यायला आलाच होता आणि गाडीत बसून होता. पायऱ्यांवर दप्तरं घेऊन मुलं खोळंबली होती. बोट चालवणारी दुर्गेश्वरी किल्ली फिरवत होती. इंजिन खोकलं, शिंकलं आणि गप्प झालं.

“पेट्रोल बराबर येऊन राहिलं बाई, प्लग साफ आहे, बॅटरी भी ताजी आहे,” ती कावून म्हणाली.

“हाइट का प्रॉब्लेम है, मॅडम,” गाडीच्या काचेतून ओमेश म्हणाला.

“पहाडी हवा आहे जी आपली,” धक्क्याचा राखणदार केवलराम मान डोलवत म्हणाला. “मले भी दम लागते.”

“तुमाले बिडीनं दम लागते, काका!” दुर्गेश्वरी म्हणाली.

“रोजच असं होतं?” अल्काबाईंनी विचारलं.

“रोज. फक्त बाजाराच्या दिवशी एका किल्लीत चालू होते.”

“म्हणजे त्या दिवशी आपला तलाव खाली उतरतो,” अल्काबाई थंडपणे म्हणाल्या. “मोठा आज्ञाधारक तलाव आहे. त्या दिवशी इथं कोण नसतं?”

सगळ्यांच्या माना केवलरामकडे वळल्या.

“माह्याकडे काऊन पाहून राहिले? मी त कोंबड्या विकाले जातो. इंजिनाले हात भी नाही लावत. फक्त बोरा ओला करून टाकतो वरतून, गरम नाही झालं पाहिजे म्हणून.”

तो गोणपाटाचा बोरा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. या धानाच्या मुलखात शेताला पाणी उपसणाऱ्या इंजिनावर ओला बोरा असायचाच. अल्काबाईंच्या वडिलांच्या बांधावरही असे. त्यामुळे तो कुणालाच दिसला नव्हता. अधूनमधून इथं येणाऱ्या खुद्द अल्काबाईंनाही नाही. झाकणाच्या मागच्या बाजूला हवा आत जाण्याची फट होती, आणि बोऱ्याचं ओलंचिंब टोक नेमकं तिच्यावर चिकटलेलं होतं. कसंबसं इंजिन सुरू झालं की थरथरीनं ते टोक घसरे, आणि पुढचा सगळा प्रवास मजेत होई. मग केवलराम मोठ्या मायेनं बोरा पुन्हा भिजवी.

दुर्गेश्वरीनं बोरा ओढून काढला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात गरजलं. काठावरचे बगळे उडाले, पायऱ्यांवर आरोळी उठली.

“थंड करता करता पुरा ठंडाच केला असता ना, काका!”

“पण पंपानं त कधी कुरकूर नाही केली जी,” केवलराम बोरा पिळत पुटपुटला.

मुलांनी भरलेली बोट निघाली. ती पलीकडे लागेपर्यंत अल्काबाई पाहत राहिल्या. मग त्या गाडीपाशी गेल्या.

“केवलराम चुकला; पण चुकायला तो निदान इंजिनाजवळ तरी गेला होता. बोट आता इथून हलणार नाही, हे तुम्हीच वर कळवाल. मला एवढंच सांगा साहेब, तपासणीच्या दिवशी हा बोरा तुम्हाला कसा दिसला नाही?”

ओमेशनं काच पूर्ण खाली केली, पैलतीरावर उतरणाऱ्या मुलांकडे पाहिलं आणि म्हणाला,

“सच बताऊँ मॅडम, त्या दिवशी ऊन फार होतं, मी गाडीतून उतरलोच नाही, आणि उंची ड्रायव्हरला विचारून लिहिली.”