पांढऱ्या रंगाखालचा गंज

मित्रांनो, बोरगाव मेघेला एका गोदामाच्या मागे, बोरीच्या झाडाखाली एक बिनचाकांची गाडी विटांवर उभी आहे. ती जुनी गाडी म्हणजे मी. तुमच्यापैकी काही जण माझ्या स्टिअरिंगशी बसून तोंडाने हॉर्न वाजवतात. मला ते आवडते. पण माझ्या दारावरची पुसट अक्षरे वाचून कोणी म्हणाले, "ही तर डोळ्यांच्या शिबिराची गाडी, केवढे पुण्याचे काम केले असेल हिने," की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. ते का, हे आज तुम्हाला सांगते.

१९७२ साली नागपूरच्या एका कारखान्यात माझी बॉडी बांधली. सागाची चौकट आणि वर पत्रा. वर्ध्याच्या एका संस्थेने मला घेतले. माझ्या आत माणूस झोपू शकेल एवढी दोन रुंद बाके होती. कोपऱ्यात स्टोव्ह होता, पाण्याची टाकी होती, औषधांचे कपाट होते. थंडीच्या दिवसांत संस्था गावोगावच्या शाळांत मोतीबिंदूची शिबिरे घेई, तेव्हा मी आठ-आठ दिवस घराबाहेर राही. म्हाताऱ्या माणसांना गावातून आणायचे आणि ऑपरेशन झाल्यावर सांभाळून घरी पोहोचवायचे, हे माझे काम.

डोमाजी माझे ड्रायव्हर. पूर्वी ते ट्रक चालवत. मनकर्णाबाई नर्स होत्या. बाई माझ्यातच एका बाकावर झोपत आणि डोमाजी शाळेच्या ओसरीत अंग टाकत. सकाळी स्टोव्हवर चहा व्हायचा, मग आम्ही निघायचो.

वाटेत मी पुष्कळदा बिघडले. एकदा पवनारच्या पुढे रेडिएटरला चीर पडली आणि पाणी रस्त्यावर सांडू लागले. डोमाजी म्हणाले, "बाई, तुमच्या डब्यातली हयद द्या जराशी." बाईंनी वायगावची मूठभर हळद दिली. ती पाण्यात कालवून त्यांनी रेडिएटरमध्ये ओतली, तशी चीर बुजली आणि आम्ही वर्ध्याला पोहोचलो. पेट्रोलची टाकी गळली तेव्हा त्यांनी साबणाची वडी चोळली. फॅनचा पट्टा तुटला तेव्हा धोतराचा काठ पिळून बांधला. माझा टप, म्हणजे छत, मागच्या कोपऱ्यात गंजला होता, त्यावर ते दर पावसाळ्याच्या आधी डांबर फासत. लोक म्हणायचे, "गाडी मोठ्या गुणाची आहे." आणि मला ते खरे वाटू लागले. हे गुण माझे नव्हते, डोमाजींच्या हातांचे होते. पण ते मला तेव्हा कळले नाही.

१९८३ चा माघ महिना होता. संस्थेत बाहेरगावचे मोठे पाहुणे येणार होते. संस्थेचे चिटणीस अण्णाजी यांनी मला पांढरा रंग द्यायचे ठरवले. डोमाजी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अण्णाजी, रंग मागून द्या. टपाचा पत्रा सडला. मांगच्या कोपऱ्यात बोट जाते. आधी तो बदलवा."

"माघात कुठला पाऊस येते, डोमाजी? मे महिन्यात बदलून टाकू. पाहुणे परवा येऊन राह्यले."

रंगाऱ्याने शिडी लावली. पांढऱ्या रंगातून काळे डांबर दिसेल, म्हणून त्याने ते सगळे खरवडून काढले. भोकात लांबी भरली, म्हणजे रंगाखाली भरायचा लगदा, आणि वरून रंगाचे दोन हात दिले. मित्रांनो, मला त्या डांबराची लाज वाटायची. ते निघाले तेव्हा मी खूश झाले. पाहुणे आले, मला झेंडूचा हार घातला, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढला. डोमाजी लांब उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी अल्लीपूरच्या शाळेत शिबिर झाले. तिथे तानाबाई नावाची म्हातारी आली होती. ती गोधड्या शिवायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि वर्षभर सुई हातात धरता आली नव्हती. डॉक्टरांनी आधी तिच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन केले. शाळेला खोल्या हव्या होत्या, म्हणून सहाव्या दिवशी सहा पेशंट घरी सोडायचे ठरले. डॉक्टरांनी बजावले होते, की पट्टीला पाणी लागू द्यायचे नाही, वाकायचे नाही, जोर लावायचा नाही.

दुपारी तीनला आम्ही निघालो. तानाबाईला मागच्या बाकावर निजवले होते. अर्धा रस्ता कच्चा, काळ्या मातीचा होता. अर्ध्या वाटेत मावळतीकडून आभाळ भरून आले. आधी वारा सुटला, मग पाऊस, आणि मग गारा पडू लागल्या. बघता बघता माती लोण्यासारखी झाली. माझी मागची चाके घसरून रुतली, पाणी इंजिनात गेले आणि मी बंद पडले.

तेवढ्यात मनकर्णाबाई म्हणाल्या, "डोमाजी, टप गळून राह्यला."

"कुठी?"

"मांगं. तानाबाईच्या उशाशी."

भरलेली लांबी भिजून पडली होती. पाण्याची बारीक धार नेमकी तानाबाईच्या पट्टीवर पडत होती. बाईंनी तिला धरून बसवले आणि कणीक मळायची परात तिच्या डोक्यावर धरली. पण पट्टी भिजायची ती भिजली होती.

डोमाजी पोते घेऊन बाहेर गेले. माझ्या पाठीला लावलेल्या लोखंडी शिडीवरून टपावर चढले, भोकावर पोते टाकले आणि त्यावर स्वतः पालथे पडले. बोराएवढ्या गारा त्यांच्या पाठीवर आपटत होत्या. त्यांच्या अंगाचे वजन मला जाणवत होते. लपायला मला जागा नव्हती.

आत कवडू नावाचे म्हातारे शेतकरी उठून दाराशी आले. त्यांच्याही डोळ्यावर पट्टी होती.

"बाई, मी उतरतो. थोडा हात लावतो गाडीले."

"बसा खाली, कवडूबुवा. जोर लावान तं डोळ्याचा टाका तुटन."

"तो बिचारा वरतं एकटा मार खाऊन राह्यला न."

"त्याले माहीत आहे तुम्ही काऊन बसले ते."

कवडूबुवा खाली बसले. पाऊण तासाने गारा थांबल्या. डोमाजी उतरले तेव्हा त्यांची भुवई फुटली होती. त्यांनी कपाटातला कापूस मागून घेतला. मला वाटले जखमेसाठी, पण त्यांनी त्याने माझ्या इंजिनाची वायरिंग कोरडी केली. शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून चाकांखाली घातल्या. दोन शेतकरी बैलजोडी घेऊन आले आणि त्यांनी मला ओढून काढले.

बाईंनी तानाबाईची पट्टी लगेच बदलली होती. तरी तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. तिला मोठ्या दवाखान्यात नेले, पुष्कळ उपाय केले. तो डोळा गेला.

संस्थेच्या आवारात मंडळी जमली. अण्णाजी माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, "गाडी पाहा. नवी कोरी दिसते. आभाळ पाहून गाडी काढायलाच नको होती. चूक ड्रायव्हरची आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चकचकीत पांढरी उभी होते. मित्रांनो, माझा रंगच डोमाजींच्या विरुद्ध साक्ष देत होता.

डोमाजी एवढेच म्हणाले, "पट्टी माह्या गाडीत भिजली, हे खरं आहे." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते पायी घरी गेले.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई अण्णाजींना माझ्याकडे घेऊन आल्या.

"आत बसा, अण्णाजी. मांगच्या बाकावर."

"कशाले?"

"बसा तं खरं."

अण्णाजी बसले. बाई पदर खोचून शिडीवर चढल्या आणि पाण्याची बादली माझ्या टपावर रिकामी केली. धार अण्णाजींच्या टोपीवर आणि मग कपाळावर पडू लागली. बाईंनी दुसरी बादली ओतली. अण्णाजी जागचे उठले नाहीत. पाणी थांबल्यावर त्यांनी तोंड पुसले आणि विचारले, "डोमाजी आता घरी भेटन का?"

त्याच दिवशी ते डोमाजींच्या घरी गेले. पुढच्या बैठकीत त्यांनी चूक आपली होती असे सर्वांसमोर सांगितले. माझा टप बदलला. डोमाजी परत आले. दोघे मिळून तानाबाईकडेही जाऊन आले. तिने त्यांना पाणी दिले आणि ती आत निघून गेली.

पुढच्या हिवाळ्यात तानाबाई डाव्या डोळ्यासाठी शिबिरात आली. ऑपरेशन चांगले झाले. आठव्या दिवशी डोमाजींनी माझे दार उघडले. बाकावर दोन गाद्या घातल्या होत्या. आभाळ निरभ्र होते.

तानाबाई फाटकाशी थांबली. तिचा पुतण्या बैलबंडी घेऊन आला होता.

"मी बंडीनंच जातो, डोमाजी."

"टप नवा आहे, माय. मी सोता पाहिला."

"तुह्यावर माहा राग नाई, बाबा. पण आता एकच डोळा उरला."

डोमाजींनी आग्रह केला नाही. त्यांनी माझ्यातल्या दोन्ही गाद्या काढल्या, बंडीत अंथरल्या आणि तिला हात धरून चढवले. बैल बुजू नयेत म्हणून बंडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी माझे इंजिन सुरू केले नाही. मी मोकळ्या बाकांनी तिथेच उभी राहिले.

त्यानंतरही मी चार वर्षे धावले. पुष्कळ माणसे माझ्यातून सुखरूप घरी गेली. पण हार घालायला कोणी आले, की मला ती बंडी दिसायची.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती गाड्या येतील, शाळा येतील, दवाखाने येतील. कोणी येऊन सांगितले, की अमुक ठिकाणी गळते आहे, तर त्याला पुढचा महिना सांगू नका. त्याच दिवशी शिडी लावा, वर चढा आणि बोट घालून पाहा. रंग नंतर देता येतो.